वैतरणेचा गाळ आणि समुद्राखालची तार

जमीन स्थिर आणि पाणी चंचल, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पाण्याखालीही शेवटी जमीनच असते. तेव्हा ती जागची हालत नसावी, एवढे गृहीत धरून मनुष्य समुद्रात खांब रोवतो, धक्के बांधतो आणि तारा घालतो. किनाऱ्यावरच्या कोळ्यास मात्र ही समजूत मान्य नाही. अर्नाळा, दातिवरे, सातपाटी ह्या गावांचे कोळी समुद्राच्या तळात कवी मारतात आणि भरती-ओहोटीच्या तोंडाला डोल लावतात. रेंदा कोठे, रेती कोठे आणि खडक कोठे हे त्यांस तोंडपाठ असते. पण गेल्या वर्षीचा रेंदा यंदा त्याच जागी व तेवढ्याच खोलीवर मिळेल असे ते धरून चालत नाहीत. पावसाळा सरला की पुन्हा वाव घेऊन पाहावयाचे, हा त्यांचा रिवाज. कोळ्यास पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीने ठाऊक असलेली ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातील विद्वान इंजिनियरांस लाखो पौंड खर्चून शिकावी लागली. त्या शिक्षणाचे काही धडे वैतरणेच्या मुखाशी गिरविले गेले, तर काही मुंबईच्या बॅकबेच्या पुळणीवरून सुरू झालेल्या समुद्री तारेने गिरविले.

वैतरणा नदी त्र्यंबकेश्वराच्या डोंगरांत उगम पावते. सह्याद्रीचा कडा उतरून ती पश्चिमेस वळते, वाटेत पिंजाळ, देहर्जे, सूर्या ह्या नद्यांचे पाणी घेते आणि मुखाजवळ तानसेला पोटात घेऊन अर्नाळ्याच्या बेटापाशी अरबी समुद्रास मिळते. दक्षिणेस अर्नाळ्याचा जलदुर्ग आणि उत्तरेस दातिवऱ्याचा कोट, अशी ह्या मुखाची दोन दारे आहेत. मराठ्यांनी १७३७ साली अर्नाळा पोर्तुगीजांपासून घेतला, तो ह्या दारावर पहारा ठेवण्यासाठीच. खाडीतून पूर्वी भरतीच्या बळावर लहान गलबते मनोरपर्यंत वर जात असत. नदी पावसाळ्याच्या चार महिन्यांत घाटावरची तांबडी माती व रेती खाली आणते, आणि उरलेले आठ महिने समुद्र दिवसांतून दोन वेळा आत येऊन ती माती चाळीत राहतो.

ह्या चाळणीचे सामर्थ्य येथे विशेष मोठे आहे. उधाणाच्या दिवसांत मुंबईस भरती-ओहोटीतील अंतर सुमारे पाच मीटरांपर्यंत जाते. उत्तरेकडे खंबायतच्या आखातात ते वाढत वाढत भावनगरपाशी दहा मीटरांच्याही वर जाते. वैतरणेचे मुख ह्या दोहोंच्या मधल्या किनाऱ्यावर पडते. नर्मदा, तापी, मही व साबरमती ह्या नद्यांनी आखातात ओतलेला बारीक गाळही ह्याच समुद्रात फिरत असतो. म्हणूनच डहाणूपासून मुंबईपर्यंत किनाऱ्याचे पाणी बहुधा मातकट दिसते. किनाऱ्याजवळ काळ्या पाषाणाचे थर ठिकठिकाणी डोके वर काढतात. परंतु थोडे आत गेले म्हणजे पन्नास-साठ मीटर खोलीपर्यंत तळावर मऊ, चिकट चिखलाची चादर पसरलेली आढळते. त्या चिखलाच्या पोटात कोठे कोठे कुजलेल्या वनस्पतींपासून झालेला वायूही कोंडलेला असतो. त्यापलीकडे खोल पाण्यात जुन्या काळची शंखशिंपल्यांची रेती लागते. थोडक्यात, ज्या तळावर आज तारा व नळ पसरले आहेत तो एकजिनसी नाही आणि स्वस्थही नाही.

गाळाच्या ह्या चालीचा सर्वांत जुना साक्षीदार सोपारे होय. आज नालासोपारा म्हटले म्हणजे आगगाडीचे स्टेशन व दाट वस्ती डोळ्यांपुढे येते. परंतु ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकातील ग्रीक नाविकाच्या ग्रंथात ह्याच गावाचे नाव बंदर म्हणून येते, आणि टॉलेमीच्या भूगोलातही ते आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली येथे अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा शोधून काढला, आणि बुरुड राजाचा कोट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडातून स्तूपाचे अवशेष व अस्थिपात्रे उजेडात आणली. नवव्या शासनाचा तुकडा पुढे १९५६ साली जवळच्या भुईगावी सापडला. सम्राटाने आपली आज्ञा दगडावर कोरवून ठेवावी एवढे ज्याचे महत्त्व, ते बंदर आज समुद्रकाठी राहिलेले नाही. राज्ये बदलली, व्यापाराच्या वाटा बदलल्या, हे खरेच. पण त्याबरोबर खाड्याही भरत गेल्या. जेथे गलबते नांगर टाकीत तेथे पुढे मिठागरे व भातखाचरे झाली. हा फेरफार कोणा एका पिढीच्या डोळ्यांदेखत झाला नाही. म्हणूनच कोणी त्याची तक्रारही केल्याचे दिसत नाही.

सोपाऱ्याचा गाळ हळूहळू चढला. वैतरणेच्या पात्रात मनुष्याने पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर खांब रोवले ते रेल्वेच्या काळात. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया ह्या कंपनीचा मार्ग गुजराथेतून दक्षिणेकडे बांधीत आणला गेला आणि १८६४ च्या नोव्हेंबरात तो मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. वाटेत नद्या आणि खाड्या यांची रांगच लागली होती. वैतरणेचे पात्र तर येथे दुभंगलेले. दोन फाट्यांच्या मध्ये वाढीव गावाचे बेट. सबब दोन पूल बांधणे भाग पडले. दगडी पाया घ्यावयाचा तर चिखलाच्या तळाशी खडक कोठे लागेल याचा भरवसा नव्हता, आणि दिवसांतून दोनदा भरतीचे पाणी कामावर चढत होते.

कंपनीचे सल्लागार इंजिनियर कर्नल केनेडी यांनी ह्यावर जी युक्ती योजिली ती मूळची एका अंध गृहस्थाची. बेलफास्टच्या अलेक्झांडर मिचेल यांनी १८३३ साली मळसूत्री खांबाचा शोध लावला. लोखंडी खांबाच्या तळाशी रुंद पात्याचा स्क्रू बसवावयाचा आणि तो वरून फिरवीत फिरवीत चिखलात उतरवावयाचा, अशी ती रचना. थेम्स नदीच्या मुखाशी मॅप्लिन नावाच्या रेतीच्या दांड्यावर असे खांब रोवून दीपगृह उभारले गेले होते. मिचेल यांनी ते खांब पाहिले नव्हते, हातांनी चाचपले होते. खडक सापडत नसेल तर चिखलालाच घट्ट धरून उभे राहावे, हा त्या रचनेचा मथितार्थ. साठ फुटी गाळ्यांचे लोखंडी पूल केनेडींनी ह्याच खांबांवर उभे केले, आणि आगगाडी वैतरणा ओलांडू लागली.

परंतु चिखलाला धरून उभे राहावयाचे म्हणजे चिखल जागेवर राहिला पाहिजे. नर्मदेवर भडोचजवळ अशाच जातीचा पूल बांधला होता. तेथे महापुराच्या वेळी पाण्याची धार खांबाला अडून भोवऱ्यासारखी खाली वळली, तिने पायथ्याची रेती उपसून काढली, आणि पुलाची पुनःपुन्हा मोडतोड झाली. अखेर तेथे अधिक खोल पायांचा नवा पूल बांधावा लागला. तो १८८१ साली खुला झाला. खांब तेच, कारागीर तेच. फरक होता तळाच्या मातीत आणि तिच्यावरून धावणाऱ्या पाण्यात. चिकट चिखल पाण्याच्या ओढीस पुष्कळ दाद देत नाही, मोकळी रेती मात्र लवकर उठते. वैतरणेवरही मूळच्या पुलांच्या जागी वाढत्या गाड्यांचा भार पेलतील असे पूल पुढे आले. परंतु खांबाच्या पायथ्याची माती हा त्यांचा आधार तसाच राहिला.

पुलाचा खांब डोळ्यांना दिसतो. समुद्राखालची तार दिसत नाही, आणि तिची कथा म्हणून अधिक चमत्कारिक आहे. विलायत आणि फ्रान्स यांच्यामधील खाडीत पहिली तार १८५० च्या ऑगस्टात घातली गेली. शिशाची वजने बांधून ती तळाशी बसविली होती. थोडे निरोप जातात न जातात तोच ती मुकी झाली. एका कोळ्याच्या अवजारात सापडून ती तुटली होती. उथळ समुद्रात उघडी पडलेली तार किती वेळ टिकते, याचे उत्तर पहिल्याच प्रयोगाने दिले. पुढच्या वर्षी लोखंडी तारांचे जाड कवच घालून दुसरी तार टाकण्यात आली, ती मात्र टिकली.

हिंदुस्थानाशी तारेने जोडून घेण्याची निकड विलायत सरकारास १८५७ साली भासली. मीरतेस १० मे रोजी उठाव झाला. त्याची बातमी लंडनला पोहोचावयास सुमारे सात आठवडे लागले. लगोलग तांबड्या समुद्रातून एडनमार्गे कराचीपर्यंत तार घालण्याचे काम एका कंपनीने हाती घेतले. सरकारने कंपनीस वार्षिक ३६,००० पौंडांची हमी पन्नास वर्षांकरिता दिली, आणि तार चालली पाहिजे अशी अट घालण्यास विसरले. १८५९ व १८६० ह्या दोन सालांत तार पसरली गेली. परंतु ती सुएझपासून कराचीपर्यंत अखंड अशी कधीच नीट चालली नाही. कारण असे की, समुद्राचा तळ सपाट आहे असे समजून ती ताणून टाकली होती. तांबड्या समुद्रात पोवळ्यांच्या टेकड्या व खळगे आहेत. एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर तार अधांतरी लोंबत राहिली, तिच्यावर समुद्री जीवांची पुटे चढली, कवच गंजले, आणि स्वतःच्याच भाराने ती ठिकठिकाणी तुटली. मऊ चिखलाच्या अंथरुणावर निजलेली तार आणि दगडावर टांगलेली तार यांच्या आयुष्यात किती अंतर असते, हे त्या पैशांनी कळले. हमीची रक्कम मात्र सरकारास पुढे कित्येक वर्षे भरावी लागली.

ह्यानंतरचा प्रयत्न इराणच्या आखातातून झाला आणि त्यात मुंबईचा वाटा मोठा होता. कर्नल पॅट्रिक स्ट्युअर्ट हे ह्या कामाचे मुख्याधिकारी आणि सर चार्ल्स ब्राइट हे इंजिनियर. विलायतेत तयार झालेली तार पाच शिडांच्या जहाजांवर भरून, आफ्रिकेला वळसा घालून, प्रथम मुंबईस आणण्यात आली. त्या पाचांपैकी ट्वीड आणि असाई ही दोन जहाजे मूळची मुंबईचीच. वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत ती हिंदी आरमारासाठी बांधली गेली होती. ट्वीडचे पहिले नाव पंजाब. आरमारातून निवृत्त झालेली ही सागवानी जहाजे यंत्रे काढून व शिडे चढवून तार वाहून घेऊन आपल्या जन्मगावी परत आली. १८६४ च्या फेब्रुवारीत ग्वादरपासून तार टाकण्यास आरंभ झाला. गंज व किडा लागू नये म्हणून ह्या तारेवर डांबर आणि गारेची पूड यांचे लुकण चढविले होते.

आखाताच्या शेवटच्या टोकाशी, फाव येथे, गाळाने ह्या मंडळींची सत्त्वपरीक्षा पाहिली. तैग्रीस व युफ्रेतिस ह्या नद्यांचा सारा गाळ तेथे साठतो. किनारा म्हणून जो दिसत होता तो वास्तविक पातळ चिखलाचा विस्तार होता. त्यात पाय टेकत नव्हता आणि होडीही चालत नव्हती. शेवटी शेकडो माणसे छातीएवढ्या चिखलात उतरली. ब्राइटसाहेब स्वतः त्यांत पुढे होते. कोठे रांगत, कोठे लोळत त्यांनी तो जड दोर ओढून किनाऱ्यास लावला. पुढे बगदादकडील जमिनीवरची तार पुरी होऊन १८६५ च्या आरंभी ह्या मार्गाने हिंदुस्थान व युरोप जोडले गेले. ते पाहण्यास कर्नल स्ट्युअर्ट मात्र फार दिवस राहिले नाहीत. त्याच जानेवारीत कॉन्स्टंटिनोपल येथे त्यांचा अंत झाला. ह्या मार्गाची खोड जमिनीवर होती. तुर्की मुलखातून जाणारे निरोप रेंगाळत व त्यांची अक्षरे बिघडत. आखातातल्या चिखलात पुरलेली तार मात्र आपले काम करीत राहिली.

तरी ग्वादर ते कराची ह्या टप्प्यात १८७३ साली एक विलक्षण प्रकार घडला. तार एकाएकी बंद पडली. दुरुस्तीचे जहाज ॲम्बर विच गेले आणि त्याने तार वर ओढली, तो तिच्या वेढ्यांत एक मेलेला देवमासा अडकलेला. त्या जागी समुद्राचा तळ एकदम उतरता होता, आणि कड्यावर तार अधांतरी लोंबत होती. तिला चिकटलेल्या शिंपल्यांवर अंग घासावयास तो मासा आला असावा आणि शेपटीस वेढा बसला असावा, असा तर्क करण्यात आला. तार तळाच्या मातीत असती तर मासाही वाचला असता आणि तारही.

मुंबई शहर प्रत्यक्ष समुद्री तारेने जोडले गेले ते १८७० साली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या दिवसांत कापसाच्या भावाने मुंबईस श्रीमंती आणि मग दिवाळे, दोन्ही दाखविली होती. बातमी चार दिवस आधी मिळण्याची किंमत येथील पेढ्यांना पुरती समजली होती. ब्रिटिश इंडियन सबमरीन टेलिग्राफ कंपनीने मुंबई, एडन व सुएझ अशी तार घालण्याचे ठरविले आणि त्यासाठी ग्रेट ईस्टर्न हे त्या काळचे जगातील सर्वांत मोठे जहाज आले. सुएझचा कालवा नुकताच, १८६९ च्या नोव्हेंबरात, खुला झाला होता. पण एवढे अजस्र जहाज त्यातून येणे शक्य नव्हते. ते आफ्रिकेस वळसा घालून जानेवारीच्या अखेरीस मुंबईस पोहोचले. उन्हाचा ताप तारेस बाधू नये म्हणून त्याचे सारे अंग पांढरे रंगविले होते. कॅप्टन हॅल्पिन यांच्या हुकमतीखाली १४ फेब्रुवारीस तार टाकण्यास सुरुवात झाली आणि महिनाअखेरीच्या आत जहाज एडनला लागले. मार्चमध्ये सुएझपर्यंतचा टप्पा संपला, आणि जूनमध्ये मुंबईचा निरोप समुद्रमार्गे थेट विलायतेस जाऊ लागला. जेथे पूर्वी आठवडे लागत तेथे आता काही मिनिटे पुरी झाली.

ह्या तारेची घडण पाहिली म्हणजे तिला गाळाची गरज का होती ते ध्यानात येते. मध्यभागी तांब्याच्या बारीक तारांचा पीळ; त्यावर गटापर्चा, म्हणजे मलाया देशातील एका झाडाच्या चिकाचे वेष्टन; त्यावर ताग-अंबाडीसारखे धागे आणि सर्वांत बाहेर लोखंडी तारांचे चिलखत. गटापर्चा ऊन व हवा लागली की तडकतो. उलट थंड, काळोख्या चिखलात तो अनेक वर्षे मऊ राहतो. लाकूड पोखरणारा जो किडा होड्यांचे तळ खातो तोच हे वेष्टनही पोखरतो. पण दाट चिखलात हवा नसल्यामुळे तो तेथे जगू शकत नाही. नांगर व जाळी यांपासूनही गाळाचा थर तारेचे रक्षण करतो. म्हणून किनाऱ्याजवळ तार जाड चिलखताची करीत, आणि समुद्रात खडक टाळून चिखलाचा मार्ग शोधीत. त्यासाठी आधी वाव घेऊन तळाची माती मेण लावलेल्या वजनाला चिकटवून वर काढावयाची व पाहावयाची, असा परिपाठ पडला. कोळ्याचा रिवाज अशा रीतीने कंपनीच्या कागदपत्रांत दाखल झाला.

रक्षण करणारा हा गाळ दुरुस्तीच्या वेळी मात्र आडवा येतो. बिघाड कोठे आहे ते दोन्ही टोकांकडून विजेचा अवरोध मोजून काढता येते. पुढे तेथे जहाज नेऊन आकडा टाकावयाचा व तार वर ओढावयाची. पण तीवर वर्षानुवर्षे गाळ चढलेला असला म्हणजे आकडा वरून घसरत जातो. आणि तार सापडलीच तर चिखल तिला सोडीत नाही. ओढता ओढता चांगली असलेली तार दुसऱ्याच जागी तुटते. एका गाठीसाठी गेलेले जहाज त्यामुळे आठवडे अडकून पडे.

गाळ नुसता साचत नाही, तो चालतो, आणि कधी कधी धावतोही. आफ्रिकेत कांगो नदीच्या मुखाशी समुद्रात एक खोल दरी आहे. तेथून १८८६ साली घातलेली तार नदीला पूर आला म्हणजे हटकून तुटे. १९२९ च्या १८ नोव्हेंबरला उत्तर अमेरिकेच्या ग्रँड बँक्सपाशी भूकंप झाला तेव्हा तर बारा तारा तुटल्या. काही हादऱ्याबरोबर तुटल्या. बाकीच्या मात्र एकीमागून एक, खोल पाण्याकडे जाणाऱ्या क्रमाने, पुढील कित्येक तासांत तुटल्या. त्यांच्या तुटण्याच्या वेळा तारघरांत नोंदल्या गेल्या होत्या. हीझेन व युइंग ह्या शास्त्रज्ञांनी १९५२ साली त्या वेळा जुळवून दाखविल्या आणि सिद्ध केले की, कड्यावरून सुटलेल्या गाळाचा एक लोंढाच समुद्राच्या तळावरून आगगाडीच्या वेगाने धावत गेला होता. समुद्रतळावर असे पूर येतात, हे ज्ञान मनुष्यास तुटलेल्या तारांनी दिले. मुंबईकरांच्या जवळचे उदाहरण १९४५ चे आहे. २८ नोव्हेंबरच्या पहाटे मकरानचा किनारा हादरला, समुद्रातील उतार घसरले आणि कराचीकडील समुद्री तार तुटली. त्या भूकंपाची लाट मुंबईच्या किनाऱ्यापर्यंत येऊन तिने काही माणसांचे प्राण घेतले. कांगोची दरी अजून शांत नाही. २०२० च्या जानेवारीत तेथून हजार किलोमीटरांहून अधिक धावलेल्या लोंढ्याने नव्या तारा तोडल्या आणि आफ्रिकेतील अनेक देशांचा संपर्क मंदावला.

तारायंत्राचा जमाना संपला. भारतात तारेची सेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. घरोघर तार आली म्हणजे उडणारा थरकाप आता आठवणीतच राहिला. परंतु समुद्राखालचा दोर गेला नाही. तांब्याच्या जागी केसासारखे काचेचे तंतू आले आणि विजेच्या ठोक्यांच्या जागी प्रकाशाचे ठोके. देशादेशांमधील बोलणे, चित्रे, हुंड्या, पत्रे यांचा बहुतेक सर्व भार आज ह्याच दोरांवर आहे, आणि भारतात येणाऱ्या अशा दोरांचे मोठे माहेरघर मुंबईच होय. खोल समुद्रात हा दोर बागेतल्या पाण्याच्या नळीएवढाच जाड असतो. जगात दरसाल त्याचे शे-दोनशे बिघाड होतात आणि त्यांतील बहुसंख्य मासेमारीची जाळी व जहाजांचे नांगर यांमुळे होतात. म्हणून उथळ समुद्रात जहाजामागे एक नांगर जोडतात. शेतकरी जसा तास काढतो तसा तो तळात तास काढीत जातो, आणि त्या तासात दोर एक ते तीन मीटर खोल पुरला जातो.

पुरला म्हणजे प्रश्न सुटला असे मात्र नव्हे. तळावरील रेतीच्या लाटा वाऱ्याने सरकणाऱ्या वाळवंटातील टेकड्यांप्रमाणे प्रवाहाबरोबर पुढे जातात. आज ज्या दोरावर दोन मीटर रेती आहे तो काही वर्षांनी उघडा पडतो. मग त्याच्याखालूनही रेती निघून जाते, दोर दोन उंचवट्यांच्या मध्ये लोंबकळतो, आणि प्रवाहात वीणेच्या तारेसारखा थरथरत राहून हळूहळू झिजतो. तांबड्या समुद्रातील १८५९ चा रोग तो हाच. उलट कोठे रेतीची लाट वर चढली तर दोर आठ-दहा हात खाली गाडला जातो व दुरुस्तीस दुर्लभ होतो.

वीज वाहून नेणाऱ्या समुद्री दोराची तऱ्हा आणखी निराळी. मुंबईच्या बंदरात घारापुरीच्या बेटावर पूर्वी दिवसांतून थोडे तास डिझेलच्या यंत्रावर दिवे लागत. २०१८ च्या फेब्रुवारीत महावितरणने समुद्राखालून साडेसात किलोमीटर दोर नेऊन ते बेट मुख्य विजेशी जोडले. असा दोर वीज वाहताना तापतो, आणि ती उष्णता भोवतालच्या मातीने शोषून घ्यावी लागते. गाळाचा थर फार जाड झाला तर तो गोधडीसारखा ऊब कोंडून ठेवतो. फार पातळ झाला तर नांगराचे भय. म्हणजे गाळ कमी झाला तरी धोका आणि वाढला तरी धोका.

येथवर गाळ हलविणारा तो समुद्र, आणि त्यास तोंड देणारा तो मनुष्य, असा हा वृत्तान्त झाला. गेल्या शतकात मनुष्य स्वतःच गाळ हलवू लागला आहे, आणि ह्याचे स्पष्ट दर्शन पुन्हा वैतरणेतच होते. मुंबईच्या तहानेसाठी तानसेवर १८९२ साली धरण झाले. वैतरणेवर १९५७ मध्ये मोडकसागर, १९७३ मध्ये ऊर्ध्व वैतरणा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा अशी धरणे एकामागून एक उभी राहिली. मुंबईच्या नळाला त्यांनी पाणी दिले, याविषयी कृतज्ञ असावयास पाहिजे. परंतु पाण्याबरोबर डोंगराची रेतीही धरणाच्या पोटात अडते, आणि जी खाली यावयाची ती कमी येते. त्याच वेळी घरांच्या बांधकामासाठी खाडीतील रेती यांत्रिक पंपांनी उपसली जात आहे. वैतरणेवरील रेल्वेपुलांच्या आसपास रेतीचा उपसा करण्यास मनाई आहे. तरी चोरटा उपसा चालतो, धाडी पडतात, पंप नष्ट केले जातात आणि काही दिवसांनी ते पुन्हा दिसतात. नर्मदेच्या महापुराने जे एका रात्रीत केले तेच हे पंप सावकाश करू शकतात. ह्या पुलांवरून पालघर, सफाळे, केळवे येथील हजारो माणसे रोज कामावर जातात; मुंबई व दिल्ली यांमधील गाड्यांची वाटही हीच. वाढीवच्या बेटावरील रहिवाशांना तर ह्या पुलांवाचून भूमीशी दुसरा सांधाच फार दिवस नव्हता.

रेतीची ही वजाबाकी किनाऱ्यावरही दिसते. अर्नाळा, राजोडी, केळवे येथील पुळणींवर सुरूची झाडे मुळांखालची वाळू जाऊन आडवी झालेली आढळतात. ह्याच जिल्ह्यात तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ पासून थंडाव्यासाठी समुद्राचेच पाणी घेत आहे, आणि डहाणूजवळ वाढवण येथे मोठ्या बंदराची पायाभरणी २०२४ च्या ऑगस्टात झाली. समुद्रात भराव पडला म्हणजे प्रवाहाची वाट बदलते. प्रवाह बदलला म्हणजे गाळ एका जागी उठतो व दुसऱ्या जागी बसतो. येथील कोळ्यांची हरकत बरीचशी ह्याच धास्तीतून आली आहे. गाळ कोठे उठेल व कोठे बसेल याचे हिशेब करण्याची विद्या आता पुष्कळ पुढे गेली आहे. खडकवासल्याच्या जल आणि विद्युत संशोधन केंद्रात १९१६ पासून अशा प्रश्नांची परंपरा आहे. तथापि हिशेब मांडल्यावर तो दर पावसाळ्यानंतर प्रत्यक्ष वाव घेऊन ताडून पाहणे हे काम संपत नाही.

वैतरणेच्या नावाचे एक जहाजही होते. १८८५ साली बांधलेली ती आगबोट मुंबई व कच्छ यांमध्ये चाले. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला विजळी म्हणत. १८८८ च्या ८ नोव्हेंबरला कच्छमांडवीहून सुटलेली ही आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत वादळात सापडली आणि सातशेंहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. त्या वेळी मुंबईहून लंडनला काही मिनिटांत निरोप जात होता. पण किनाऱ्यापासून थोड्या मैलांवर बुडणाऱ्या जहाजाला निरोप धाडण्याचे साधन नव्हते. ते जहाज आजवर सापडलेले नाही. ह्या समुद्राचा तळ जे घेतो ते किती खोल झाकून ठेवतो, याची ती एक खूण आहे.

सोपाऱ्याचे बंदर गाळाने भरले, केनेडीच्या खांबांना गाळाने आधार दिला, नर्मदेच्या पुलाखालून तो निघून गेला, आणि बॅकबेच्या तारेला त्याने सांभाळले. गाळ शत्रूही नव्हता आणि मित्रही नव्हता. त्याची चाल ज्यांनी मोजली त्यांचे काम टिकले. आज वैतरणेच्या पुलांखाली किती रेती उरली आहे आणि मुंबईच्या समुद्रात पुरलेल्या दोरांवर किती चिखल आहे, हे नियमाने मोजले जावे व ते आकडे काठावर राहणाऱ्या लोकांनाही कळावेत, एवढी मागणी सुशिक्षित नागरिकांनी करण्यास हरकत नाही. कोळीवाड्यातील वडीलधाऱ्यांस त्या मोजणीत सामील करून घेतले तर आकडे अधिक खरे येतील.